शाळेतल्या समुद्राची वाळू

रेवा, तुझ्या समुद्री माशांच्या टाकीतली वाळू तपकिरी झाली आणि दुकानदाराने तुला त्यावर औषधाच्या बाटल्या विकल्या, असं तू फोनवर म्हणालीस. बाटल्या उघडल्या नसतील तर परत कर. टाकीवर ऊन येतं का ते बघ, येत असेल तर पडदा ओढ. एवढं सांगेपर्यंत फोन तुटला आणि तुझ्या भावाचा प्रश्न तसाच राहिला: आजीला हे कुठून ठाऊक? सोलापूरला कुठे आहे समुद्र?

नाही. सोलापूरला समुद्र नाही. मी शिकवायला लागले तेव्हा तर उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचीही टंचाई असे. पण एकोणीसशे तीसनंतरची काही वर्षं आमच्या मुलींच्या शाळेत, शास्त्राच्या खोलीत, दाराशेजारच्या टेबलावर एक लहानसा समुद्र होता आणि तो सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. इथल्या एका दिवाळी अंकाने नोकरीतलं काही लिहून मागितलं आहे. तेव्हा हे तुम्हा दोघांना सांगते. बाकीच्यांनी शेजारी बसून ऐकायला हरकत नाही.

मी बी.एस्सी. होऊन त्या शाळेत आले तेव्हा मुलींना मॅट्रिकला शास्त्र घेता येत नसे. आरोग्य, शिवण आणि स्वयंपाक एवढ्यावर शास्त्राची हौस भागवावी, असं शाळेच्या कमिटीचं मत होतं. कमिटी म्हणजे मुख्यतः रावसाहेब. ते तिचे चेअरमन, नामांकित वकील. माणूस दुष्ट नव्हता, पण मुलींनी तेजाब, म्हणजे ॲसिड, हाताळावं हे त्यांना स्टोव्हशी खेळण्यासारखं वाटे. आमच्या हेडमिस्ट्रेस, मोठ्या बाई, यांनी त्यांच्याकडून कसंबसं एक वर्ष मागून घेतलं. वर्षभर मी वरच्या वर्गांना शास्त्र शिकवायचं. वर्षाअखेर पुण्याहून इन्स्पेक्ट्रेस मॅडम येतील, त्यांनी शिफारस केली तर वर्ग कायम. नाहीतर त्या खोलीत शिवणयंत्रं. यंत्रं कुठे मांडायची याचं माप घेऊन सुतार आधीच जाऊन आला होता.

बेडूक फाडून दाखवला असता तर निम्म्या मुली दुसऱ्या दिवशी घरी बसल्या असत्या. म्हणून मी जिवंत काहीतरी दाखवायचं ठरवलं. कॉलेजात मी खाऱ्या पाण्याची टाकी पाहिली होती. माझे दादा मुंबईला रेल्वेच्या कचेरीत होते. त्यांनी कोळ्यांच्या होडीतून किनाऱ्यापासून लांब जाऊन पाणी भरून घेतलं आणि वेताच्या टोपल्यांत बसवलेल्या काचेच्या मोठ्या बुधल्यांतून गाडीने पाठवलं. वाळू, शेवाळ आणि जीव वेगळ्या बरण्यांत. स्टेशनवर हमालाने बुधला उचलला आणि विचारलं, ह्यात काय हाय? पाणी आहे म्हटल्यावर तो हसला. "मुंबईस्नं पाणी आणलं व्हय? गोड तरी हाय का?" खारट आहे म्हटल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुढे गावभर काय सांगितलं असेल, ते मला दोन दिवसांत कळलं.

टाकी म्हणजे लोखंडी चौकट, चारी बाजूंना काचा आणि तळाला काळी फरशी. लोखंडाला आतून डांबर फासलेलं, कारण गंज पाण्यात उतरता कामा नये. पंप नाही, वीज नाही. पानासारखं हिरवं शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडतं, त्यावर मोजके जीव जगतात. आमच्याकडे काही गोगलगायी, रिकाम्या शंखात घर करणारा एक खेकडा आणि दोन समुद्रफुलं होती. समुद्रफूल हे फूल नव्हे, प्राणी. दगडाला चिकटून बसतो, पाकळ्यांसारखे हात पसरतो आणि त्याला काही आवडलं नाही की मिटून लिंबाएवढा गोळा होतो. रोज प्रार्थनेनंतर पाळीची मुलगी ओगराळ्याने पाणी उचलून वरून धार धरत असे, म्हणजे पाण्यात हवा मिसळे. पाणी आटलं की मीठ मागे राहतं आणि उरलेलं पाणी जास्त खारट होतं. म्हणून भर घालायची ती पावसाच्या साठवलेल्या पाण्याची. विहिरीचं पाणी चालत नसे, आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नसे तिथे समुद्रफूल काय जगणार! उन्हाळ्यात टाकीला ओले पंचे गुंडाळायचे. सोलापुरात पंच्यांना काय तोटा.

जुना वैद्य आधी जीभ दाखवा म्हणतो. टाकीची जीभ म्हणजे वाळू. पाणी नितळ दिसतं आणि फसवतं, पण वाळू खोटं बोलत नाही. पहिल्या महिन्यात ती तपकिरी झाली, तुझी झाली तशी. बोट लावलं की तो थर उठून येई. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पतींचा थर असतो. पश्चिमेच्या खिडकीतून थेट ऊन येत होतं, तिथे जाड कापड लावलं आणि गोगलगायींना त्यांचं काम करू दिलं. वाळू निवळली. नंतर एकदा वाळूत काळे डाग पडले आणि ढवळल्यावर कुजक्या अंड्याचा वास आला. हे अजीर्ण. मी मुलींना विचारलं, तेव्हा कळलं की खेकडा उपाशी राहतो म्हणून दुपारच्या सुट्टीत त्याला डब्यातली भाकरी, दशमी आणि कुणाच्या तरी बारशाचा लाडू मिळत होता. खेकड्याने खाल्लं नाही ते वाळूत कुजलं. पाटी लावून भागलं नाही, शेवटी टाकीवर जाळीचं झाकण बसवलं. झाकणाला कुलूप मात्र नव्हतं.

तोपर्यंत "शाळेत समुद्र आणलाय" ही बातमी वेशीबाहेर गेली होती. शनिवारी शाळा सकाळची. दुपारी बायका येऊ लागल्या. बाजाराला आलेल्या होटगीकडच्या शेतकरणी, गिरणीतल्या बायका, पेठांतल्या सासवा आणि सुना. मोठ्या बाईंनी मना केलं नाही, कारण शाळेचं नाव होत होतं. आमची शिपाईण काशीबाई, मूळची केम गावची, दाराशी उभी राहून माहिती सांगे. तिनेही समुद्र पाहिला नव्हता, पण त्याने तिचं काही अडत नव्हतं.

"लाटा कुटं हायत?" एकीने विचारलं.

"लाटा मुंबईतच ऱ्हातात," काशीबाई म्हणाली. "हितं निस्तं पाणी येतं."

बायका लांबूनच नमस्कार करत, कुणी टेबलाच्या पायाला हळदकुंकू लावे. पाण्याला हात लावू नये एवढं मी सांगितलं होतं आणि त्या ते पाळत. त्यात रावसाहेबांच्या आईही येत. सगळं गाव त्यांना थोरल्या काकू म्हणे. त्या दर शनिवारी येत. त्यांच्यासाठी काशीबाई दाराजवळ खुर्ची ठेवी. टाकीच्या कोपऱ्याशी त्या बराच वेळ बसत, पाण्यात बोटं बुडवून डोळ्यांना लावत. चेअरमनच्या आईला कोण अडवणार?

परीक्षेच्या आधीच्या महिन्यात वाळू हिरवी झाली.

आधी मी शेवाळच समजले. पण शेवाळ उजेडाकडे वाढतं आणि हा हिरवा रंग खिडकीपासून लांब, दाराजवळच्या अंधाऱ्या कोपऱ्यात होता. शेवाळ बुळबुळीत असतं, हे बोटाला खरखरीत लागे आणि बोटाने निघत नसे. गोगलगायींनी तर त्यावर तुटून पडायला हवं होतं. त्या उलट पाण्याबाहेर येऊन काचेला चिकटून बसल्या होत्या. समुद्रफुलं मिटली ती उघडेनात. मी पाण्याचा खारटपणा तपासला, तो बरोबर होता. डांबर खरवडून पाहिलं, कुठे गंज नव्हता. एका सकाळी खेकडा शंखाबाहेर मरून पडलेला सापडला. जिवंत असताना तो सहसा शंखाबाहेर राहत नाही.

आणि इन्स्पेक्ट्रेस पंधरवड्यावर आलेल्या.

रावसाहेबांनी येऊन पाहिलं आणि निदान करून टाकलं: रंग. आमच्या शाळेत विणकरांच्या मुली होत्या. घरी तेलुगू, शाळेत मराठी, आणि घरच्या रंगाच्या पिंपात हात घालून आल्या की बोटं निळी, तांबडी, हिरवी. त्यांतली अंबू माझ्या वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी. त्या आठवड्यात पाणी ओतायची पाळी तिची होती आणि तिची बोटं नेमकी हिरवी होती. रावसाहेब मोठ्या बाईंना म्हणाले, घरीही बोलले असणार, की अशा मुलींना टाकीजवळ येऊ देऊ नये. मोठ्या बाईंनी तिची पाळी काढून घेतली. अंबू रडली नाही. तिने मला एवढंच विचारलं, "बाई, माझा रंग असेल तर तो गरम पाण्यात सुटेल ना?"

मी दहा वेळा विचार करत होते आणि हिने प्रयोगच मांडला. दुसऱ्या दिवशी तासाला आम्ही चिमूटभर हिरवी वाळू गरम पाण्यात उकळली. रंग सुटला नाही. स्पिरिटमध्ये घातली, सुटला नाही. म्हणजे कापडाचा रंग नव्हे. मग दुसरी चिमूट पातळ तेजाबात घातली, ती फसफसली, रंग पाण्यात उतरला. टिपकागदातून गाळून घेतलं आणि मी अंबूला अमोनियाची बाटली दिली. थेंब थेंब टाक म्हटलं. आधी फिकट निळसर गढूळ झालं. आणखी थेंब पडले आणि नळीतलं पाणी असं गर्द निळं झालं की मागच्या बाकावरच्या मुली उभ्या राहिल्या. अमोनियाने असा निळा होणारा धातू एकच आम्ही शिकलो होतो.

"तांबं," अंबू म्हणाली.

तांबं आपल्याला निर्मळ वाटतं. पाणी तांब्याच्या घागरीत ठेवावं असं घरोघरी शिकवतात. पण बिनहाडाच्या समुद्री जीवांना पाण्यात उतरलेलं थोडंसं तांबंही विष असतं, आणि खारं पाणी तांब्याला खातं. आता हे तांबं आलं कुठून? स्वयंपाकाच्या वर्गातला झारा मागून आणला आणि त्या कोपऱ्यातली वाळू चाळली. झाऱ्यात ढब्बू पैसे आले. जुन्या काळचे जाड, शुद्ध तांब्याचे, आता बाजारात न चालणारे, हिरवी बुरशी आल्यासारखे. वाळूत बोटभर खोल दाबलेले होते.

मी काशीबाईला बाजूला घेतलं. ती बराच वेळ पदर चावत राहिली.

"गुप्तदान हाय ते, बाई," ती शेवटी म्हणाली. "सांगायचं नसतं."

"कोणाचं?"

"त्येच तर सांगायचं नसतं की."

पण खुर्ची कोणासाठी ठेवतात हे मला ठाऊक होतं. तुम्हाला गुप्तदान माहीत नसेल. लाडवात पैसा घालून तो लाडू दान करतात. घेणाऱ्याला कळू नये, बघणाऱ्याला दिसू नये. नदीवरून गाडी गेली की लोक पैसा टाकतात, त्यातलंच हे, पण मुकाट. काकूंनी समुद्राला दिलेला पैसा कुणाला दिसू नये म्हणून वाळूत दाबला होता.

संध्याकाळी मी पैसे रुमालात बांधून त्यांच्याकडे गेले. रावसाहेब क्लबात होते. काकू माजघरात वाती वळत बसल्या होत्या. रुमाल सोडल्यावर त्यांनी एकेक पैसा बोटांनी चाचपला.

"परत केला?" त्या म्हणाल्या. "समुद्राने परत केला का तुम्ही?"

मी जमेल तसं समजावून सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "नदीत तर आम्ही जन्मभर टाकत आलो."

"नदी वाहते, काकू. या पाण्याला जायला जागाच नाही."

त्यांनी पैसे पुन्हा रुमालात ठेवले. मग त्यांनी सांगितलं. रावसाहेबांचा मोठा मुलगा, त्यांचा नातू, बोटीने विलायतेला गेला होता, बॅरिस्टर व्हायला. जाताना घरात कुणी त्यांना विचारलं नव्हतं. मध्ये समुद्र आहे एवढंच त्यांना ठाऊक होतं. तो समुद्र शाळेत आला तेव्हा त्यांनी त्याला सांगून ठेवलं, की पोराला नीट आणून सोड.

"आणि त्यातले जीव मेले माझ्याने?" त्यांनी विचारलं.

मी खोटं बोलले नाही. खेकडा मेला आहे, बाकीच्यांचं सांगता येत नाही, म्हणून सांगितलं. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. निघताना मी त्यांना वचन दिलं की तुमचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. दान गुप्त होतं, तर गुप्तच राहील.

वचन दिलं आणि त्याचं ओझं लगेच कळलं. नाव घेतलं नाही तर रावसाहेबांच्या लेखी अंबू दोषी राहणार होती. पण वाट पाहत बसण्यासारखी वेळ नव्हती. कोठीत दोन बुधले राखून ठेवलेले होते. सगळं पाणी फेकलं, प्रयोगापुरती चिमूट राखून सगळी वाळू फेकली, कारण तांबं वाळूला चिकटून राहतं, धुऊन जात नाही. काचा घासल्या, जीव नव्या पाण्यात सोडले. नवी वाळू दादांकडून यायला वेळ नव्हता. एक समुद्रफूल गेलं, दुसरं चार दिवसांनी अर्धवट उघडलं. इन्स्पेक्ट्रेस आल्या तेव्हा आमच्या समुद्राला तळाची काळी फरशी होती, अर्ध्या उंचीचं पाणी होतं, एक फूल आणि थोड्या गोगलगायी.

मॅडम उंच, कोरड्या आवाजाच्या इंग्रज बाई. मराठी त्यांना येत नसे. मोठ्या बाई आणि रावसाहेब त्यांच्यामागे. शाळेचे हितचिंतक म्हणून काही मंडळी दाराशी उभी होती, त्यांत काकूही होत्या. मॅडमनी टाकी पाहिली आणि विचारलं, एवढ्या जागेत एवढे थोडे जीव का, आणि वाळू कुठे आहे?

हे मी अंबूला सांगू दिलं. तिने वाळूचे रंग सांगितले, तपकिरी, काळा आणि हिरवा, आणि प्रत्येक वेळी काय तपासलं ते सांगितलं. राखून ठेवलेल्या हिरव्या वाळूची चिमूट घेऊन तिने प्रयोग करून दाखवला. मी इंग्रजीत सांगत होते. नळी निळी झाली तेव्हा मॅडमनी चष्मा नीट केला आणि ती उजेडात धरून पाहिली. मग त्यांनी विचारलं, तांबं कुठून आलं?

अंबूने माझ्याकडे पाहिलं. एका भेट देणाऱ्या व्यक्तीने श्रद्धेने नाणी टाकली होती, असं मी म्हणाले.

रावसाहेबांचा चेहरा उतरला. परक्या बाईसमोर शाळेची शोभा झाली, असं त्यांना वाटलं असावं. ते मराठीत म्हणाले, "असला अडाणीपणा कोणी केला? मी म्हणतच होतो. या विणकरांच्या पोरींचंच काम असणार."

"मी केला," दारातून काकू म्हणाल्या.

त्या आत आल्या, अगदी टेबलापर्यंत. "गुप्तदान होतं म्हणून बोलले नाही. तू आता अडाणी कोण ते विचारलंस, म्हणून सांगते. पैसा माझा होता. या पोरीने तो हुडकून काढला. तू नुसत्या तिच्या हातांकडे बघून निकाल दिलास. कोर्टातही असंच करतोस का?"

मॅडमनी माझ्याकडे वळून विचारलं, या वृद्ध बाई काय म्हणाल्या? मी रावसाहेबांकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते. मग मी सगळं भाषांतर करून सांगितलं, शब्दाला शब्द, कोर्टासकट. इंग्रजी शिकल्याचा मला आयुष्यात पुष्कळ उपयोग झाला, पण इतका आनंद दुसऱ्या कुठल्या भाषांतराने दिला नाही.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी अंबूला विचारलं, तांब्याऐवजी लोखंड असतं तर नळीत काय दिसलं असतं? अंबू म्हणाली, गंजासारखा तांबूस गाळ. मॅडमनी आणखी काही विचारलं नाही.

वर्ग कायम झाला. सुतार पुन्हा आला तो बाकं करायला. अंबूचं पुढे काय झालं ते तुम्ही विचाराल. तिचं लग्न लवकर झालं आणि ती हैदराबादकडे गेली. मॅट्रिक मात्र ती होऊन गेली, शास्त्र घेऊन. समुद्राचं म्हणाल तर लढाई सुरू झाल्यावर रेल्वेतून बुधले पाठवायची सोय बंद झाली आणि एका कडक उन्हाळ्यात आम्ही तो गुंडाळून ठेवला. मला एक चुटपुट आहे. काकूंना मी मुंबईला नेऊन खरा समुद्र दाखवायला हवा होता. नेते नेते म्हणत राहिले. त्यांचा नातू परत आला तेव्हा त्या होत्या, एवढं बरं झालं.

परवानगीचा कागद आल्यानंतर नवं सत्र सुरू झालं. पहिल्या दिवशी वर्ग भरला आणि काकू दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात रावसाहेबांच्या धाकट्या मुलीचा हात होता. तिचं नाव आतापर्यंत शिवणाच्या वर्गात होतं. मुलगी लाजून मागे सरत होती. काकूंनी तिला पुढच्या बाकावर, अंबूशेजारी बसवलं.

"वडलांना विचारलंय का?" मी हळूच म्हटलं.

"मी सांगितलंय," काकू म्हणाल्या. "हिला शिकवा. आमच्या घरात पुढच्या वेळी पाण्यात पैसा टाकायच्या आधी विचारायला कुणीतरी असू दे."